दाराबाहेरचं अनुमोदन

त्या दिवशी मी फक्त खुर्च्या पोचवायला निघालो होतो. बेंगळूरच्या शिवाजीनगरला माझं मंडप-खुर्च्यांचं दुकान आहे. लग्न असो, बारसं असो, निवडणूक असो, माणसाला बसायला लागतं. आणि तो कशासाठी बसलाय हे खुर्ची विचारत नाही. मार्चअखेरची दुपार होती. टेंपोत खुर्च्या रचल्या, दोरी आवळली, वाटेत मोसंबीचा रस प्यालो आणि चिकपेटकडे वळलो. भुताची गोष्ट अशीच रसाच्या गाडीपाशी सुरू होते. जी स्मशानात अमावास्येला सुरू होते ती गोष्ट नसते, जाहिरात असते.

मी फत्तेसिंग. आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर बेंगळूरला आले. राजे गेले, फौज गेली; आमचे पूर्वज तेवढे जेवायला बसले होते, ते उठेपर्यंत साडेतीनशे वर्षं झाली. आता आम्ही घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडताना दोन्ही बोलतो.

चिकपेटच्या साड्यांच्या दुकानांमागे एक गल्ली आहे. समोरून माणूस आला तर एकानं पोट आत घ्यावं लागतं, एवढी रुंद. तिच्या टोकाला आमच्या समाजाचं छत्र आहे. छत्र म्हणजे वाटसरूंना उतरायची धर्मशाळा. दगडी जोतं, चौकाभोवती ओळीनं खोल्या, कौलारू छप्पर. वाटसरू हॉटेलात उतरायला लागले तसं छत्र ओस पडलं. मागच्या अंगणात मात्र पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. फुलं विणणारे, हातगाडी ओढणारे, दुकानांत ओझी वाहणारे लोक तिथं संसार करू लागले. त्यांतलीच एक अंबुबाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दिवसभर मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, माळा करायची.

आनेकलकडची समाजाची जमीन विकली गेली आणि छत्राच्या कमिटीकडे पैसा आला. पैसा एका कामापुरता, आणि कामं दोन. निम्मी कमिटी म्हणे, छत्र दुरुस्त करून त्याचं संग्रहालय करा, नाहीतर पुढच्या पिढीला दाखवायला काही उरणार नाही. निम्मी म्हणे, छत्र पडतंय तर पडू द्या, शेडमधल्या माणसांना पक्क्या खोल्या बांधा. अध्यक्ष होते सुमंतराव. भला माणूस, पण निर्णय म्हटलं की त्यांना शिंक यायची. दर सभेला अंबुबाई दाराशी येऊन उभी राहायची आणि दर सभेला सुमंतराव म्हणायचे, "अंबुबाई, उद्या या." ती "सरी", म्हणजे बरं, म्हणून जायची. कमिटीत मीही होतो. खुर्च्या माझ्या, म्हणून एकीवर मला बसू देत.

त्या दिवशी मात्र गळ्याशी आलं होतं. गल्ली रुंद करून मागच्या अंगणातून पुढं न्यायचा महापालिकेचा हुकूम निघाला होता. शेडमधल्यांना आपल्या जागेत पक्की घरं देणार, असा ठराव कमिटीनं संध्याकाळपर्यंत दिला तर शेडना मुदत. नाहीतर सकाळी जेसीबी. तो पिवळा प्राणी गल्लीच्या तोंडाशी सोंड खाली टेकून दुपारपासून उभाच होता. अंबुबाईनं भांडी गोणीत बांधून ठेवली होती. कुठं जायचं हे ठरलं नव्हतं. बांधली मात्र होती.

मी खुर्च्या उतरवत होतो तेव्हा ती छत्राच्या मोठ्या दारासमोर थिजून उभी दिसली.

"फत्तेअण्णा, दार कोणी घासलं?"

"आर्याबाईंनी. बघा की, सागवान कसं झळकतंय."

"आणि अक्षरं?"

आता त्या अक्षरांचं सांगायला हवं. माझ्या वयाच्या कोणाही बेंगळूरवाल्याला विचारा. आम्ही तरुण असताना शहरात अशी आवई उठली होती की तिन्हीसांजेला एक बाई दारं ठोठावत हिंडते. तुमच्याच जवळच्या माणसाच्या आवाजात हाक मारते. दार उघडलं की संपलात. उपाय एकच, दारावर लिहून ठेवायचं, 'नाळे बा'. म्हणजे 'उद्या ये'. ती वाचायची, परत जायची, दुसऱ्या दिवशी यायची, पुन्हा वाचायची. भूत असलं तरी शिकलेलं आणि आज्ञाधारक. पुढं घरं नवी झाली, दारं बदलली, अक्षरं गेली. छत्राच्या दारावर तेवढी राहिली, कारण अंबुबाई चुन्यात बोट बुडवून ती पुन्हा पुन्हा गिरवायची.

आर्या ही कमिटीनं नेमलेली आर्किटेक्ट. पुण्याची पोरगी, जुन्या इमारतींवर जीव टाकणारी. दुरुस्तीचा नमुना म्हणून तिनं आधी दार हाती घेतलं होतं. ती हसत आली.

"काका, खाली ओरिजिनल सागवान निघालं! तो चुना नंतरचा लेयर होता. केमिकल लावून, हलक्या हातानं काढला."

"अय्यो, अक्का," अंबुबाई म्हणाली, "लेयर कुठला... ते कुलूप होतं."

"मी फोटो काढून ठेवलाय ना त्याचा."

"फोटो तिला दाखवणार काय?"

आर्या हसली. मीही हसलो. अंबुबाई हसली नाही. ती टोपली घेऊन आत आली आणि उंबऱ्यालगत बसून कळ्या ओवू लागली. आज ती उभी राहिली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सभा मधल्या दालनात होती, मोठ्या दाराला आतून अडसर घातलेला. इमारतीला बाहेरून बांबूची परांची आणि तिच्यावर हिरवी जाळी लावलेली. त्या जाळीतून येणारा उजेड असा, की आपण विहिरीच्या तळाशी खुर्च्या टाकून बसलोय असं वाटावं. सगळ्यांचे चेहरे हिरवट. वटवाघळांचा, ओल्या चुन्याचा, दाराला लावलेल्या त्या केमिकलचा वास, आणि त्या सगळ्यांवर मल्लिगेचा. बाहेर चिकपेटची गजबज. हॉर्न, हमालांची "साइड, साइड", दूरवर मेट्रोची घरघर.

सभा नेहमीसारखी सुरू झाली, म्हणजे भांडणानं.

"इतिहास एकदा पडला की पुन्हा उभा राहत नाही!" एक म्हणाला.

"आणि माणूस पडला की राहतो काय?" दुसरा म्हणाला.

"छप्पर धरलं तर माणसं जातात, माणसं धरली तर छप्पर जातं," मी म्हटलं. "दोन्ही घालवायची असतील तर आपण बरोबर चाललोय."

"फत्तेसिंग, चेष्टा नको." सुमंतरावांनी चष्मा पुसला. "विषय गंभीर आहे. घाईनं निर्णय बरा नव्हे. उद्या पुन्हा बसू."

"उद्या जेसीबी बसणार आहे, सुमंतराव."

"मग परवा."

उंबऱ्याजवळ अंबुबाईची सुई थांबली.

आणि त्याच वेळी उजेड गेला. आंबेपावसाचं, म्हणजे वळवाचं, आभाळ एकदम उतरलं असेल. जाळीतला हिरवा रंग शेवाळी झाला, मग काळा. दालनातला एकुलता एक दिवा डोळा मिटल्यासारखा विझला. कोणीतरी म्हणालं, "करंट गेला." त्यात नवल नव्हतं. नवल हे की चिकपेटही गेलं. हॉर्न नाही, हमाल नाही, मेट्रो नाही. भरल्या बाजारात, दिवेलागणीला, एक माणूस शिंकत नव्हता. मी जन्मभर या पेटेत वावरलोय. तिला गप्प बसलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मग दाराची कडी वाजली. हलकेच. घाई नसलेल्या माणसानं वाजवावी तशी.

आर्या ताडकन उठली. "बाबा?"

"कोण बाबा?" मी विचारलं.

"माझे... बाबा हाक मारतायत..." ती दाराकडे दोन पावलं गेली आणि थांबली. "पण ते पुण्यात आहेत. आत्ता... सभेच्या आधी फोनवर बोलले माझ्याशी..."

पुन्हा कडी वाजली. आता सुमंतरावांच्या हातून चष्मा पडला.

"राजीअक्का..." त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. राजलक्ष्मी त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली. "फत्तेसिंग, ती म्हणतेय, सुमंता, दार उघड रे... पाय दुखतायत..."

मला ते ऐकू येत नव्हतं. मला माझी बायको ऐकू येत होती. सकवारबाईच. अगदी तिचाच आवाज, दाराच्या फटीतून, मधासारखा.

"अहो... ऐकलंत का... मी आलेय... उघडा ना..."

पण तिथंच मी ओळखलं. सकवार मला इतक्या गोडीनं लग्नाच्या मांडवातसुद्धा बोलली नव्हती.

"कोणी उघडू नका," मी कुजबुजलो. "दारावर अक्षरं नाहीत. ही ती आहे."

एक सभासद टेबलाखाली गेले आणि पेन पडलंय म्हणाले. ते पेन त्यांना सभा संपेपर्यंत सापडलं नाही.

"सुमंतराव, तोंडानं सांगा तिला. लिहिलेलं नाही तर बोललेलं चालेल. 'उद्या' म्हणायचा तुमच्याइतका सराव या पेटेत कोणाला नाही."

सुमंतरावांनी ओठ ओले केले. "ना... नाळे बा..."

तेवढ्यात दारापलीकडून आवाज आला. आता तो राजीअक्काचा नव्हता, सकवारचा नव्हता, कोणाचाच नव्हता. आणि या वेळी तो आम्हा सगळ्यांना एकच ऐकू आला. फार चालून आलेल्या बाईचा आवाज.

"नाळे अंद्री... बंदे."

उद्या म्हणालात... आले.

राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. दाराचा अडसर म्हणजे माझ्या मांडीएवढा लाकडी ओंडका, दोन माणसांनी उचलायचा. तो आपोआप सरकायला लागला. बोटभर... आणखी बोटभर... लाकूड दगडावर घासल्याचा तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. गारठा असा आला की माझ्या खुर्च्यांचं प्लास्टिक तडतडलं.

अंबुबाई उठली. कळ्यांची टोपली तिनं खाली ठेवली, पदर खोचला.

"अंबुबाई, मागे या!" मी म्हटलं.

"का अण्णा?"

"ती आत आली तर..."

"आत आली तर काय? इतकी वर्षं मी तिला चुन्यानं सांगितलं, उद्या ये. तुम्ही मला तोंडानं सांगितलं. ती येते, जाते. मी येते, जाते." ती आमच्याकडे वळली. अंधारात तिचे डोळे तेवढे दिसत होते. "ती मला मारणार असेल तर तो तुमचा जेसीबी सकाळी काय ओवाळणार आहे काय मला? आज कोणी परत जायचं नाही."

आणि तिनं, एवढ्याशा बाईनं, अडसर एकटीनं उचलून बाजूला ठेवला.

दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. गल्ली होती, पण रिकामी, पार टोकापर्यंत. दुकानांची शटर उघडी आणि आत माणूस नाही. ओल्या मातीचा आणि जुन्या सुती लुगड्याचा वास आत आला. आणि टोपलीतल्या कळ्या, ज्या उमलायला अजून अवकाश होता, त्या सगळ्या एकदम उमलल्या. मी उमलताना ऐकल्या. हसू नका. एक कळी उमलते तेव्हा आवाज होत नाही, टोपलीभर उमलल्या की होतो.

"ये अक्का," अंबुबाई त्या रिकाम्या उंबऱ्याला म्हणाली. "बस स्वल्प. हे छत्र आहे. इथं आलेल्याला परत पाठवायचं नसतं. ही माणसं विसरलीत."

पण आत कोणी आलं नाही. उंबऱ्यापलीकडे कोणीतरी थांबून होतं. ज्याला इतके दिवस बाहेरूनच परतवून लावलं, ते नुसत्या 'ये'वर कसं विश्वास ठेवणार?

तेव्हा आर्या बोलली.

"काका... ही बिल्डिंग राहायलाच बांधलीय. आपण तिचं म्युझियम करणार, म्हणजे तिला मोडणारे आपणच. खोल्या आहेत, चूल आहे, विहीर आहे... मूळ होत्या तशा दुरुस्त करायच्या आणि माणसं राहू द्यायची. वेगळं काही बांधायलाच नको. दोन कामं नाहीतच इथे, काका. एकच आहे."

इतक्या सभा, इतका चहा, इतकी भांडणं, आणि त्या खोल्यांच्या मधोमध बसून आम्ही जागा शोधत होतो!

मी उठलो. जीभ माझी कधीच लटपटलेली नाही.

"मी ठराव मांडतो. छत्राच्या खोल्या होत्या तशा दुरुस्त कराव्यात. शेडमधल्या माणसांना थोड्या भाड्यानं, कायमच्या राहायला द्याव्यात. आणि एक खोली..." मी उंबऱ्याकडे पाहिलं. "एक खोली दाराशी येईल त्या वाटसरूची. तिला कोणी उद्या म्हणायचं नाही."

"अनुमोदक?" सुमंतराव म्हणाले. जन्माची सवय, यम आला तरी त्यांनी अनुमोदक विचारला असता.

नियम असा, की अनुमोदनाशिवाय ठराव होत नाही. मी सभासदांकडे पाहिलं. आर्या सभासद नव्हती. टेबलाखालचे पेन शोधत होते. बाकीच्यांच्या तोंडातून हवा येत होती, शब्द येत नव्हता. इथंच सगळं बुडणार असं वाटलं. आणि तेव्हा दाराबाहेरून, स्वच्छ आवाजात, नीट उच्चार करून कोणीतरी म्हणालं,

"अनुमोदन."

सुमंतराव उठून उभे राहिले. त्यांना मी कमिटीच्या सभेत प्रथमच ताठ उभं राहिलेलं पाहिलं.

"विरोध? नाही. ठराव मंजूर." ते थांबले, आणि मग तो शब्द म्हणाले जो त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकला नव्हता. "आज. आत्ता." दाराकडे पाहून, अगदी हळू, "ये अक्का... आत ये. उशीर केला आम्ही."

हिरवी जाळी छातीत श्वास भरावा तशी फुगली. आमच्या रांगेतून काहीतरी गेलं. माझ्या गुडघ्याला सुती पदराचा काठ घासून गेला. प्रत्येकाला तो जाणवला, नंतर सगळ्यांनी तेच सांगितलं. आणि मग धाडकन दिवा लागला, हॉर्न वाजले, हमाल ओरडले, मेट्रो धडधडली, आणि चिकपेट असं काही गजबजलं की जणू तेच घाबरून श्वास रोखून बसलं होतं!

सुमंतराव ठराव घेऊन पळाले. हो, पळाले! धोतराचा सोगा हातात, चष्मा नाही, गल्लीतल्या माणसांना पोटं आत घ्यायला लावत. जेसीबीपाशी थांबलेल्या हुकूमवाल्या साहेबानं ठराव वाचला, शिक्का मारला, आणि जेसीबीला मागे फिरायचा हात केला. शेडमधून माणसं बाहेर आली. कोणीतरी तमटे, म्हणजे इकडच्या हलग्या, आणल्या. तमट्यांचा असा कल्लोळ झाला की साड्यांचे व्यापारी गिऱ्हाईक टाकून बघायला आले. अंबुबाईनं त्या उमललेल्या फुलांच्या माळा आमच्या सगळ्यांच्या गळ्यात घातल्या. एक उरली, ती तिनं जेसीबीच्या सोंडेला बांधली. ड्रायव्हरनं मान लववली आणि तो पिवळा प्राणी नवरदेवासारखा मिरवत, मागे मागे सरकत निघून गेला. आर्या तमट्यांवर नाचली. पुण्याची माणसं नाचतात हे मला तेव्हा कळलं.

अंबुबाईनं त्या संध्याकाळी गोणीतली भांडी परत काढली.

पुढच्या वर्षी दसऱ्याला खोल्या तयार झाल्या. कौलं तीच, तुळया त्याच, चौक तोच. आत मात्र नळ, दिवा, आणि माणसं. ओळीनं सगळ्या दारांत चुली मांडल्या आणि सगळ्यांनी एकदम दूध उतू घातलं. "उक्कितु! उक्कितु!" असा ओरडा झाला. उतू गेलं! पोरं नाचली. सुमंतराव रडले आणि म्हणाले, धूर गेला डोळ्यांत. शहरातल्या दुसऱ्या कमिट्या आता आमचं छत्र बघायला येतात. मी त्यांना खुर्च्या भाड्यानं देतो.

कोपऱ्यातली एक खोली ठरल्याप्रमाणे वाटसरूची. चटई, तांब्या, दिवा. बाहेरून कुलूप, किल्ली सुमंतरावांकडे. अंबुबाईची खोली ओळीत दुसऱ्या टोकाला. त्या कोपऱ्यातून कधी हाक आली नाही, कडी वाजली नाही. फक्त पहाटे, अंगण झाडायच्या आधी, त्या कुलूप लावलेल्या दारापुढे रांगोळी असते. साधं कमळ, जुन्या वळणाचं. ते सगळ्यांना सवयीचं झालंय. पोरं त्याला ओलांडून शाळेत जातात.

पण गेल्या पंधरवड्यात तिथं आणखी एक दिसायला लागली. लहानशी, वाकडीतिकडी. ठिपकेसुद्धा सरळ नाहीत. पाच-सहा वर्षांच्या पोरानं काढावी तशी. त्या संध्याकाळी आत एकटीच आली, असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्या दिवशी ती कमळाशेजारी होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दारापुढे. मग त्याच्या पुढच्या. रोज एकेक दार पुढे.

काल पहाटे मी खुर्च्या आणायला गेलो तेव्हा ती अंबुबाईच्या उंबऱ्यावर पोचली होती. बाहेर नाही. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला. अंबुबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली होती, केव्हापासून कोण जाणे. मी पुसायला वाकलो.

"नको अण्णा," ती म्हणाली. "राहू दे."

तोवर माझं बोट लागलं होतं. ती पिठाची नव्हती. दुधात बोट बुडवून काढलेली होती, आणि दूध अजून कोमट होतं.